भागीनं मोडलेला कायदा

आबामामांनी घरात एक कायदा केला होता. तो पहिल्याच दिवशी मोडला, आणि मोडला तो म्हशीनं. हे नुसतं आठवलं तरी मला एकटीला हसू फुटतं. इथं बसमध्ये फुटलं की शेजारचा माणूस जरा सरकून बसतो. इथं म्हणजे कॅनडात, लेकीच्या घरी. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर काचेचं एक लखलखीत दुकान आहे, लांबून बघितलं तर सोनाराचंच वाटावं. आत गांजा विकतात. सरकारच्या परवानगीनं, दारात वय विचारून, पिशवीत घालून, वर हसून ‘दिवस चांगला जावो’ म्हणून. पहिलं वर्षभर मी त्या दुकानापाशी आले की रस्ता ओलांडून पलीकडनं जायची, बर्फात घसरायची भीती असली तरी. माझा स्वभावच घाबरट. गॅस बंद केला का, दार लावलं का, पोरं जेवली का, हे एका रांगेत मनात चालूच असतं. त्यात माझी नात ईरा यंदा त्या दुकानात जायच्या वयाची झाली. वाढदिवसाला सगळे केक बघत होते, मी तिचे डोळे बघत होते, लाल आहेत का. शेवटी न राहवून विचारलंच. ती म्हणाली, “आजी, तिथे आईच्या ऑफिसातले काका गुडघ्याला चोळायचं तेल आणायला जातात. मी कशाला जाऊ?” मला इतकं हायसं वाटलं की मी दोनदा केक खाल्ला. पण तिचा धाकटा भाऊ नील, ज्याला अजून आत पाऊल टाकायची मुभा नाही, तो शाळेतनं येताना त्या काचेला नाक लावून उभा असतो, हेही मी बघितलंय. त्याला बघितलं की मला आमचा चिमण आठवतो, आणि चिमणच्या मागोमाग भागी, आणि भागीच्या मागोमाग सगळी शिवाजी पेठ पळत येते.

माझं गाव निपाणीच्याही पलीकडं, जिथं आम्ही आईला अव्वा म्हणायचो. सातवीनंतर शाळा सुटली, अव्वा आजारी पडली ती गेलीच, आणि मला कोल्हापुरात आबामामांकडं ठेवलं. आबामामा अव्वाचे थोरले भाऊ. पेठेत पुढं दोन खोल्या, मागं फरशीचं अंगण, अंगणाच्या टोकाला गोठा, आणि गोठ्यात भागी. संध्याकाळी मामा भागीला घेऊन दूधकट्ट्यावर जायचे. आमच्या कोल्हापुरात लोक चहाच्या टपरीवर जमावं तसे म्हशीभोवती जमतात. समोर धार काढायची, फेसाचा पेला हातात द्यायचा, लोकांनी तो उभ्या उभ्या संपवून मिशा पुसायच्या. बाया-पोरंसुद्धा. पहिला पेला रोज शेजारच्या छोट्या पिंकीचा. ती अजून नीट बोलत नव्हती, पण भागीची घंटा वाजली की वाटी घेऊन उंबऱ्यावर उभी. घरात दिवसभर आवाज म्हणजे मामीचा. मामी मायेची, पण माया शिव्यांत गुंडाळून द्यायची. “खा की गं, का वाऱ्यावर जगतीस?” असं म्हणून भाकरीवर लोण्याचा गोळा आदळायची. मी रोज रात्री देवाला एकच मागायची की इथनं मला परत पाठवू नको. कारण वडिलांनी निरोपच धाडला होता, जरा काय कमी-जास्त ऐकू आलं तर घेऊन जाईन, स्थळ बघून ठेवलंय. आणि इकडं समोरच्या शिंपीणबाईंनी मला मशीनवर बसवायला नुकती सुरुवात केली होती. पेठेतल्या फुटबॉल संघाच्या बनियनवर पाठीमागं आकडे शिवायचं काम. पहिला आठ मी शिवला तो भोपळ्यासारखा झाला, तरी बाई म्हणाल्या, “हात हाय हिच्यात.” ते तीन शब्द मी उशाला घेऊन झोपत होते. त्याच हातानं मला पुढं इथवर आणलं, पण ते नंतरचं.

मामांची दोन मुलं. थोरला बापू, संघाचा गोलकीपर, एकोणीस वर्षांचा, दारातनं वाकून यावं लागेल इतका उंच. धाकटा चिमण, चौदाचा, ज्याचं सगळं दुःख एवढंच की तो बापू नव्हता. आदल्या महाशिवरात्रीला बापू आणि त्याचे दोस्त भांग पिऊन पन्हाळ्याला गेले होते, घरात ‘देवदर्शनाला चाललोय’ सांगून. येताना दिल्या नावाचा त्यातला एक फटफटीवरनं पडला. खांद्याचं हाड मोडलं. पण घरात कळलं तर मार बसेल म्हणून बिचारा तसाच गप राहिला, हात खिशात घालून जेवायला बसला, आणि घास डाव्या हातानं घेतला तेव्हा त्याच्या आईला कळलं. मामांनी हे ऐकलं आणि बरेच दिवस त्यांच्या डोक्यात ते शिजत राहिलं. यंदा शिवरात्र जवळ आली तशी त्यांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, “हाड भांगंनं मोडलं न्हाय. लपवालपवीनं मोडलं. आता ह्या घरात कायदा. अठरा पुरी झालीत त्यानं उजळ माथ्यानं हितं यावं, माझ्या अंगणात, माझ्यासमोर. स्वतः वाटायची, स्वतः गाळायची, एकच पेला. फटफटीला हात लावायचा न्हाय. उतरंपतूर बूड हलवायचं न्हाय. आणि अठराच्या आतल्यानं वास जरी घेतला तर टांगून ठेवीन.”

मामी चुलीपाशी होती. तिनं उलथनं खाली ठेवलं. मामी उलथनं खाली ठेवते म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हंजे आता माझं घर भांगंचं दुकान व्हय?”

“अगं, दुकान कुठं? पोरं डोळ्यासमोर तरी ऱ्हातील.”

“अवो, आज मोठी पितील, उद्या बारकी रांगंत. ऐकून ठेवा. ह्यात एक जरी पोरगं बिघडलं तर मी चालले गडमुडशिंगीला माह्यारी. म्हशीचं शेण तुमी काढा. आणि ह्या शालनला तिच्या बापाकडं पोचवा. दुसऱ्याची पोर मी असल्या घरात ठेवणार न्हाय.”

झालं. भांग पिणार कोण, बिघडणार कोण, आणि एस्टीत बसणार मी. त्या दिवसापासनं मी बापूच्या दोस्तांकडं अशी बघायची, जशी आई परीक्षेला निघालेल्या पोराकडं बघते. नीट प्या रे बाबांनो, असं मनात म्हणायची. सोळा वर्षांची पोर, दुसऱ्यांच्या भांगेची काळजी करत होते.

शिवरात्रीच्या सकाळी कायदा लागू झाला. अंगणात दगडी कुंडी, लिंबाचा हातभर जाड सोटा, बडीशेप, खसखस, मिरे, मगजबी, बदाम, भिजवलेला पाला, आणि सात थोराड पोरं. सगळ्यांचे चेहरे लग्नाला आल्यासारखे. मामांनी अट घातली होती की कुंडी पालथी केली तरी वाटण खाली पडता कामा नये, इतकं वाटायचं. अर्ध्या तासात सगळ्यांचे दंड भरून आले. त्यात मामी. तिनं पाट मांडला तो बरोबर त्यांच्या समोर, आणि रताळी सोलत बसली. विरोध करायचा म्हणून ती आत जाऊन बसली असती तर पोरांचं भलं झालं असतं. पण ती बाहेर बसली आणि विचारपूस करू लागली.

“काय रं दिल्या, बारावीचं काय झालं म्हणायचं?”

“राहिला की एक विषय, काकू.”

“एक का चार?”

“...चार.”

“वाट, वाट. हितं तरी पास हो.”

मग दुसऱ्याला, “तुझ्या भणीला बघून गेलेलं पावणं काय म्हणालं?” तिसऱ्याला, “तुझ्या आईचं गुडघं कसं हायत? तिला पाणी भरून देतोस का न्हाय?” पोरं खाली मान घालून वाटत होती. पन्हाळ्यावर जी मजा होती तिचा मागमूस नाही. पेले भरले, मामांनी ‘हर हर महादेव’ म्हटलं, सगळ्यांनी औषधासारखे डोळे मिटून घेतले, आणि मग भिंतीला टेकून ओळीनं बसली, चढायची वाट बघत. मामी समोरच. बापूला जरा हसू आलं, तर मामी म्हणाली, “का हसलास? मला बी सांग.” त्याचं हसू जिथल्या तिथं मेलं. एकानं सलग तीनदा साबुदाण्याची खिचडी मागितली, कवठाची चटणी बोटानं चाटून पुसून खाल्ली आणि “काकू, तुमच्यासारखी माउली न्हाय” म्हणून रडू लागला. मामीनं त्याला रताळं दिलं. दिल्या बराच वेळ तुळशीकडं बघून म्हणाला, “काकूंच्या म्होरं चढतच न्हाय रं. हे कसलं पिणं? ह्यापरीस शाळा बरी.” उन्हं कलली तसे सगळे जांभया देत तोंड धुऊन बसले, आणि मामांनी डोळे तपासून, सरळ रेषेत चालायला लावून, एकेकाला सोडलं.

गच्चीच्या कठड्यावर मात्र दिवसभर वेगळंच चाललेलं. चिमण आणि त्याच्या वयाची आठ-दहा पोरं चिमण्यांसारखी ओळीनं बसून खाली बघत होती. खालच्यांच्या तोंडावर कंटाळा होता, आणि वरच्यांच्या तोंडाला पाणी. “बघ बघ, दिल्यादाला तुळस दिसाय लागलीया,” एक म्हणायचा. “तुळस तर हायच की तिथं.” “तशी न्हाय रं, ती निराळी दिसती.” चिमणनं मला जिन्यात गाठलं. “शालनताय, माझं वय किती वाटतं?” म्हटलं, “चौदा.” म्हणाला, “अंधारात?” मी त्याला ढकलून खाली पाठवला, आणि माझ्या काळजीला नवी दिशा मिळाली. मोठ्यांना काय झालं नाही, आता बारकी बिघडतील, आणि माझी एस्टी पक्की.

आता खरी गोष्ट. गवळ्याच्या घरात काही वाया जात नाही. भाजीची देठं, तांदळाचं धुणं, डाळीची टरफलं, शिळ्या भाकरीचे तुकडे, सगळं म्हशीच्या आंबोणाच्या बादलीत. पेंड आणि कोंड्यात कालवायचं आणि तिच्या पुढ्यात ठेवायचं. मामीचा हात वीस वर्षं आपोआप त्या बादलीकडं जात होता. पोरांनी भांग गाळली, फडक्यात हा एवढा चोथा उरला, बदाम-खसखशीचा, हिरवागार. तो मामीनं रताळ्याच्या सालींबरोबर उचलला, बादलीत टाकला आणि भागीला दिला. तिला ते कळलंसुद्धा नाही. आपण दार ओढून घेतो ते कुठं कळतं?

भागी स्वभावानं कडक होती, हेडबाईंसारखी. परका माणूस जवळ आला की लाथ. त्या संध्याकाळी मामा तिला कट्ट्यावर न्यायला आले तर तिनं हनुवटी मामांच्या खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटले. मामा खूश. “बघ शालन, शिवरात्रीचा दिवस, जनावराला बी कळतंय.” दोघं गळ्यात गळा घालून गेले. मी बादली धुवायला घेतली आणि तळाशी हिरवा लगदा दिसला. बडीशेपेचा वास. मामीला दाखवलं. मामीनं बघितलं, वास घेतला, आणि तिचा चेहरा सोललेल्या रताळ्यासारखा पांढरा झाला.

“गप,” ती हळू म्हणाली. मामीला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “म्हशीला काय व्हतंय एवढ्या-तेवढ्यानं? कुणाला बोलू नको.”

तेवढ्यात भागीच्या घंटेचा आवाज ऐकून शेजारच्या अंगणातनं पिंकी वाटी घेऊन आजीच्या कडेवर निघालेली दिसली. मी आजवर आयुष्यात कधी मोठ्यानं ओरडले नव्हते. परक्या घरात राहणारी पोर, पाणी पितानासुद्धा आवाज होऊ नये असं बघणारी. आणि हे ओरडणं म्हणजे मामीला भर पेठेत उघडं पाडणं, ज्या मामीच्या एका शब्दावर माझं राहणं. हे सगळं मला कळत होतं, पण पाय आधीच निघाले होते. मी बादली हातात घेऊनच पळाले. कट्ट्यावर मामा उकिडवे बसलेले, पेला मांडीत धरलेला, पहिली धार सुटायची बाकी, आणि मी किंचाळले, “मामा, धार देऊ नका कुणाला! भागीनं भांग खाल्लीया!”

मामा उठले. “कुणी घातली?” मी बादली पाठीमागं धरली. ‘मीच’ म्हणावं असं वाटून गेलं. तर मागनं धापा टाकत, पदर खोचलेला, हातात अजून उलथनं, मामी आली. “मी,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज परत नेहमीचा, चार गल्ल्यांत जाणारा होता. “मी घातली. सालीसंगं गेली. हिला काय विचारताय? ही वराडली म्हणून वाचलं सगळं.”

कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं घसा खाकरला. “आबा, एक शंका. भागीचं वय काय?”

“सा वर्सं.”

“मग अठरा कुठं पुरी हायत? तुमच्याच घरात कायदा मोडला की!”

आणि मग जे हसू फुटलं! पिंकीची आजी खाली बसून हसली, पिंकी काही न कळता टाळ्या पिटू लागली, आणि भागी सगळ्यांच्या मधोमध उभी, लग्नातल्या वरमाईसारखी तृप्त. त्यातच एक विमाएजंट फटफटीवरनं आला. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून फटफटीमागं पळवतात, भागी त्यात दोनदा पहिली आलेली. तिला वाटलं पाडवाच आला. दावं हिसकून ती प्रेमानं त्याच्या मागं निघाली. एजंट मागं वळून बघतो तर म्हैस. त्यानं वेग वाढवला, तिनंही वाढवला. कट्ट्याजवळच्या पिंपळाला दोन फेऱ्या झाल्या. “गाडी बंद करा, पावणं! गाडी बंद करा!” मामा ओरडत मागं. शेवटी त्यानं गाडी टाकून कट्ट्यावर उडी मारली, तेव्हा भागी थांबली आणि फटफटीचा आरसा चाटू लागली. त्या माणसानं पुढं कुणालाही विम्याचं महत्त्व सांगताना हाच दाखला दिला म्हणतात.

सड तटतटलेले, धार तर काढावीच लागणार. घागर भरली. आणि बघतो तर समोर रांग. चिमण पहिला, हातात तांब्या. त्याच्यामागं कठड्यावरची सगळी चिल्लीपिल्ली, आणि ज्यांनी जन्मभर दूध बघून तोंड वाकडं केलं तीसुद्धा. “आबाकाका, आमाला भांग नगंच. आमाला फकस्त दूध.” मामी माझ्याकडं बघून म्हणाली, “म्हणले व्हते का न्हाय, बारकी रांगंत?” तेवढ्यात बापू आणि त्याचे दोस्त बॉल घेऊन मैदानाकडं निघालेले. दिल्यानं विचारलं, “कसली रांग?” चिमण कुजबुजला, “भांगंचं दूध.” “हात्तिच्या,” दिल्या म्हणाला, “ते तर घरात बी मिळतंय, वर काकू परीक्षा घेत्यात,” आणि बॉल उडवत निघून गेला. एकानंही मागं वळून बघितलं नाही. कायदा बरा की वाईट, हे मला विचारू नका, मी सातवी शिकलेली बाई. पण ती एक रांग आणि तो एक बॉल मी अजून विसरले नाही. काचेला नाक लावलेला नील दिसला की मला त्याचा राग येत नाही तो त्या रांगेमुळंच. मी त्याला घरी आणते आणि भागीची गोष्ट सांगते, आणि दिल्याच्या खांद्याचीही.

“हे दूध इकायचं न्हाय आणि वतायचं बी न्हाय,” मामा म्हणाले. “ज्याचं त्याला देऊया.” आणि घागर खांद्यावर घेऊन ते महादेवाच्या देवळाकडं चालू लागले. मागं मामी, मी, भागी, आणि तांब्या-वाट्या घेतलेली सगळी रांग, जशीच्या तशी. मामांनी पिंडीवर धार धरली. आतनं दूध गोमुखातनं बाहेर यायचं, तिथं त्या पोरांची ही झुंबड, ओंजळी पसरून. मामा घागर रिकामी करून बाहेर आले आणि गोमुखापुढं आडवे बसले, पाठीवरनं दूध ओघळतंय, आणि एकेकाच्या टाळक्यात टपली. हातात पेटलेली समई घेऊन गुरव आतनं बाहेर आले. त्यांना पुढचं-मागचं काही ठाऊक नाही. एवढी पोरं बघून त्यांनी समई खाली ठेवली आणि हात जोडले. “आबा,” ते म्हणाले, “लोक उगं म्हणत्यात नवी पिढी बिघडली. तीर्थासाठी अशी तळमळ मी जन्मात बघितली न्हाय.”

मामी हसली. तोंडाला पदर लावला, तरी खांदे हलत होते. घरी येईपर्यंत ती हसतच होती, आणि मी तिच्या मागं जीव मुठीत धरून चालत होते. कारण गडमुडशिंगीचं अजून काही ठरलं नव्हतं. गोठ्यात मामांनी भागीला बांधलं आणि न बघताच विचारलं, “मग? माह्यारी कवा निघतीस?”

“कशाला जाऊ?” मामी म्हणाली. “पोरगं बिघडलं तर, असं म्हणले व्हते. पोरगं कुठं बिघडलं? म्हैस बिघडली.” मग ती माझ्याकडं वळली. तिनं माझ्या हातातली बादली बघितली, जी मी अजूनही सोडली नव्हती, सगळी पेठ फिरून आले तरी. मला वाटलं काढून घेणार. तिनं माझी बोटं त्या कडीभोवती नीट दाबून बसवली.

“माझ्या हातावर आता माझा इस्वास न्हाय,” ती म्हणाली. “हिथनं फुडं भागीचं आंबोण तू बघायचं. रोज. आणि तुझ्या बापाला कळीव, म्हणावं स्थळ-बिळ ऱ्हाऊ दे. आमची म्हैस दुसऱ्या कुणाकडं ठेवण्यासारखी ऱ्हायली न्हाय.”